दोन्ही पायांना एकच माप

मी तीन वर्षांचा असताना ताप आला आणि उतरताना डाव्या पायातलं बळ घेऊन गेला. पाय राहिला, पण मनगटाएवढा बारीक. बेलापूरच्या शाळेत खाकी हाफपँट, त्यामुळे तो सगळ्या गावाने पाहिलेला. रोज सकाळी आंघोळीआधी आई त्याला करडईचं तेल चोळायची. उपयोग होणार नाही, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. तरी चोळायची.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी संगमनेरला कॉलेजात गेलो. तिथे बेलबॉटमचं वारं आलं होतं. मीही कापड घेऊन शिंप्याकडे गेलो. उजव्या मांडीचं माप त्याने वहीत लिहिलं. डाव्या मांडीला टेप लावली आणि जरा थांबला. मी भिंतीकडे बघत होतो.

"आतून अस्तर लावतो. नीट पडंल," तो म्हणाला. वहीत त्याने दोन्ही पायांना एकच माप लिहिलं.

ती पँट घालून आरशापुढे उभा राहिलो तर दोन्ही पाय सारखे. लंगडणं होतंच, पण लोकांची नजर आता कापडावर थांबायची. वर्गातल्या एकाने विचारलं, "कुठे शिवलीस रे?" माझ्या पायांकडे बघून कुणी असलं काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

दिवाळीला घरी गेलो. सकाळी आई तेलाची वाटी घेऊन आली.

"नको आता," मी म्हणालो. "मोठा झालोय मी."

"माजी लाज वाटती व्हय?"

"तुझी नाही गं."

"मग?"

मी पँटचे पाय खाली ओढून घेतले. ती वाटी घेऊन आत गेली. सुट्टीभर मी झोपतानाही ती पँट काढली नाही, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही.

तिच्या त्या न विचारण्याने मला संगमनेरला चैन पडेना. उन्हाळ्यात घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आपणहून ओसरीवर बसलो आणि पँट वर सरकवली. घेर इतका मोठा, की ती सहज गुडघ्यावर गेली. आई चुलीपाशी होती. हात पुसत आली आणि पायाकडे बघतच राहिली.

"लई वाळलाय रं," म्हणाली.

पाय होता तेवढाच होता. तिने तो पुष्कळ महिन्यांत पाहिला नव्हता.

त्यानंतर घरात मी लुंगी नेसू लागलो. बाहेर मात्र बेलबॉटमच घालत राहिलो, फॅशन सरून लोक हसायला लागले तरी.