आटेदार दांड्याचं वरचं टोक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान लिफ्टचे मेकॅनिक. मी त्यांना भाऊजी म्हणते, ताई 'अहो' म्हणते, आणि बाकीचं जग 'लिफ्टवाले'. माणूस साधा, कमी बोलणारा, पण नट दिसला की हात शिवशिवतात. त्यांनी लावलेलं डब्याचं झाकण उघडायला ताई एकदा शेजारणीकडे गेली होती, ती शेजारीणही हरली. हाताखालून गेलेला नट पुन्हा हलता कामा नये, असं त्यांच्या उस्तादाने तरुणपणी डोक्यात भरवलं होतं. उस्ताद गेला, पण त्याचा पाना भाऊजींच्या डोक्यातून काही गेला नाही.

गेल्या वर्षी एका नव्या, उंच इमारतीतली लिफ्ट वरच्या मजल्यांच्या मधे हिसका देऊन अडकली आणि मग थोडी खाली घसरली. आत एक नर्स होती, ड्यूटीवर निघालेली. ती पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. आता काठी घेऊन चालते, आणि वॉर्डात उभं राहायचं काम तिच्याकडून कायमचं सुटलं. त्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल भाऊजी आणि त्यांचा जोडीदार लंबू, दोघं मिळून करायचे. चौकशी झाली. ब्रेक नीट लावलेला नव्हता, असा निष्कर्ष निघाला. ब्रेक त्याच आठवड्यात लंबूने लावला होता, म्हणून लंबूला घरी बसवलं. भाऊजींना कुणी एका शब्दानेही विचारलं नाही.

आता मला सांगा, सुटलेल्या माणसाने सुटल्यासारखं वागावं की नाही? पण भाऊजी कामावर परत गेले त्या दिवशी लिफ्टच्या दारात नुसते उभे राहिले, घामाने भिजले आणि घरी आले. तेव्हापासून रजेवर. हत्यारांची पिशवी कपाटावर गेली ती गेलीच. घरात मात्र फिरून फिरून खिडक्यांच्या कड्या तपासायचे, खुर्च्या उलट्या करून बघायचे. ताईने हवेसाठी खिडकी उघडली की हे मागून जाऊन लावणार. ताई माझ्याकडे येऊन रडायची. मी पार्लर चालवते. लोकांच्या भुवया नीट करणं मला जमतं, त्यांच्या आतलं मला काय कळणार? तरी फुकटचे सल्ले द्यायची हौस दांडगी. "डॉक्टरला दाखव, मोकळं बोलायला लाव," असलं काहीतरी सांगून मी तिला परत पाठवायची.

त्यात लंबू. हा बाबा पेट्रोल पंपावर लागला होता, आणि सुट्टी मिळाली की भाऊजींची समजूत काढायला यायचा! ज्याची नोकरी गेली तो, ज्याची शाबूत आहे त्याला धीर देत होता. "दादा, ब्रेक मी लावला होता," तो म्हणायचा. "त्या बाईचा पाय माझ्या हातून गेला. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?" बोलताना आपल्या तळहातांकडे बघत राहायचा. दिसायला ताडमाड, पण ताईच्या घरातल्या खुर्चीत अगदी एवढासा होऊन बसायचा.

शेवटी कंपनीने निरोप धाडला. सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. ताईने त्यांचा गणवेश धुऊन, इस्त्री करून दारामागे अडकवला आणि शेवटची एक खटपट म्हणून शाळेतून खोकं घेऊन आली.

ताई अंध मुलांच्या शाळेत शिकवते. कुणीतरी शाळेला एक छपाईयंत्र भेट दिलं होतं. कागदावर छापणारं नव्हे. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत वस्तू बनवणारं, टेबलावर मावेल एवढं. त्यावर मुलांना बोटांनी वाचता येतील असे रस्त्यांचे नकाशे करायचे, असं ताईच्या मनात होतं. पण यंत्र आलं होतं सुट्या भागांत, आणि शाळेत ते नीट जोडणारं कुणी नव्हतं.

"तू त्यांच्याजवळ बस," ताई मला म्हणाली. "जोडा म्हणू नकोस. खोकं नुसतं उघडं ठेव."

माझं पार्लर त्या दिवशी बंद होतं. ताई शाळेत गेली. मी जेवणाच्या टेबलावर खोकं उघडं टाकून फोन बघत बसले. भाऊजी दोनदा जवळून गेले. तिसऱ्यांदा थांबले.

"हे उलटं लावलंय कुणीतरी," ते एक भाग उचलून म्हणाले. थोड्या वेळाने स्टुलावर चढून हत्यारांची पिशवी काढली. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या, पण फोनमधून मान वर केली नाही.

चौकट त्यांनी बघता बघता उभी केली. मग आला खरा भाग. दोन बाजूंना दोन गुळगुळीत उभ्या सळ्या, त्यांच्या शेजारी लांब स्क्रूसारखे दोन आटेदार दांडे, प्रत्येकाच्या बुडाशी एक छोटी मोटर. मोटर फिरली की दांडा फिरणार, आणि दोन्हींच्या मधला आडवा दांडा वर-खाली जाणार.

"लिफ्टच की हो ही!" मी म्हटलं.

"लिफ्टच," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले. मग सोबतच्या चित्रांच्या कागदाकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे बघा, मेव्हणीबाई. आटेदार दांड्याचं वरचं टोक यांनी मोकळंच सोडलंय. वर काही लावू नका म्हणून फुलीसुद्धा मारलीय. असं काम मी केलं असतं तर उस्तादाने कानाखाली जाळ काढला असता."

"मग?"

"मग काय? मी लावतो पकड."

पिशवीतून ॲल्युमिनियमची पट्टी निघाली. कापली, भोकं पाडली, दोन्ही दांड्यांची डोकी चौकटीला अशी आवळली की भूकंप आला तरी हलू नयेत. मग यंत्राला वीज जोडून बटण दाबलं.

आडवा दांडा गुमान वर निघाला. अर्ध्यापर्यंत झकास. त्यापुढे उजवी बाजू अडली, डावी मात्र चढतच राहिली. दांडा तिरका झाला, मोटर गुरगुरायला लागली आणि एक हिसका बसला. भाऊजींनी झटकन वायर उपटली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मोटरच खराब असेल," मी घाईघाईने म्हटलं. "ठेवा ते. चहा टाकते."

त्यांनी ऐकलं नाही. उजवीकडची पकड सैल केली, आडवा दांडा खाली आणला, पुन्हा चालवला. सरसर वरपर्यंत गेला. पकड आवळली, की अडकला. सैल केली, की सरसर. माझा चहा निवून गेला तरी त्यांचं आवळणं आणि सैल करणं चाललंच होतं.

"झालं की! सापडलं ना?" मी वैतागून म्हटलं. "मारलीय ना फुली त्यांनी? उगाच मारलीय का? काढून टाका ती पकड."

भाऊजी खाली बसले, फरशीवर.

"आटेदार दांडा आणि सळी अगदी समांतर कधीच नसतात," ते म्हणाले. "एवढासा फरक राहतोच. वरचं टोक मोकळं असलं की दांडा तो फरक पोटात घेतो. वरून आवळलं की त्याला वाकावं लागतं."

"बरं, मग?"

"त्या इमारतीत लोकांची तक्रार होती. लिफ्ट खडखडते म्हणून. मी गेलो आणि लिफ्ट ज्या उभ्या रुळांना धरून चालते, त्यांची भिंतीवरची प्रत्येक पकड आवळली. खालपासून वरपर्यंत, एकट्याने. घरी येऊन तुमच्या ताईला सांगितलं, आता पाण्यासारखी चालते."

मला अजून कळत नव्हतं. कळावंसंही वाटत नव्हतं.

"नवी इमारत बसत जाते, मेव्हणीबाई. आपल्याच वजनाने दबते. म्हणून उंच इमारतीत रुळांच्या पकडी जरा सैल ठेवायच्या असतात. भिंत खाली सरकली तरी रूळ सरळ राहावा म्हणून. कंपनीच्या वर्गात शिकवलं होतं हे. मला वाटलं, आळशी लोकांचं काम. मी आवळल्या. भिंत बसत गेली, रूळ वाकला, लिफ्ट त्यात चेपली आणि अडकली. अडकलेली लिफ्ट हिसक्याने सुटली तर कुठलाही ब्रेक घसरेल. लंबूचा ब्रेक नीट होता."

मी खरं सांगते, त्या क्षणी मला ना नर्स आठवली, ना लंबू. मला दारामागचा गणवेश दिसत होता.

"कुणाला कळलंय हे?" मी विचारलं.

"तुम्हाला आणि मला."

"मग तेवढ्यावरच राहू द्या. चौकशी मिटली. सोमवारी कामावर जा. लंबूला काय, दुसरं काम मिळालंय. ताईचा विचार करा, भाऊजी. नोकरी जाईल, वर खटला होईल. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायची काय गरज आहे?"

"तो दर सुट्टीला इथे येऊन मला धीर देतो," ते म्हणाले.

मग मी शेवटचा डाव टाकला. "निदान ताईला येऊ द्या. तिला विचारा."

"ती नको म्हणाली तर मी थांबेन. म्हणून तर विचारत नाही. मला पंपावर सोडता का?"

मी स्कूटर काढली. वाटेत प्रत्येक वळणावर वाटत होतं, गाडी उलटी फिरवावी. मला राग येत होता. त्यांचा, त्या यंत्राचा, ते घरी आणणाऱ्या ताईचासुद्धा.

लंबू एका गाडीत पेट्रोल भरत होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा फुलला. "दादा! बाहेर पडलात! वा!" गाडी गेली. भाऊजी त्याच्यासमोर उभे राहिले आणि मला सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने, न अडखळता सांगितलं.

लंबू ऐकत राहिला. हातातली नळी जागेवर लावायचं त्याला सुचेना.

"म्हणजे माझा ब्रेक बरोबर होता?" त्याने विचारलं.

"बरोबर होता."

"नीट आठवून सांगा, दादा. बरोबर होता?"

"तुझा ब्रेक बरोबर होता."

तो ताडमाड माणूस पंपाच्या कट्ट्यावर मटकन बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. भाऊजींनी त्याच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला, तर त्याने तो झटकून टाकला. उठला, बाहीने तोंड पुसलं. त्याची नजर बदलली होती. आमच्या खुर्चीत बसायचा तो लंबू कुठे गेला कोण जाणे.

"कंपनीच्या साहेबांसमोर बोलाल हे?" त्याने विचारलं. दादा म्हणाला नाही.

"आत्ता तिकडेच चाललोय."

"मी येतो. मला तिथे उभं राहून ऐकायचंय."

त्याने नळी जागेवर अडकवली, शेजारच्या पोराला हाक मारून गाड्या बघायला सांगितलं आणि झपाझप चालायला लागला. भाऊजी त्याच्या मागून निघाले. दोघं रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत मी बघत होते. लंबूने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि भाऊजींनी त्याला गाठायचा प्रयत्न केला नाही. ताईची शाळा सुटायची वेळ झाली होती. मी स्कूटर चालू केली आणि तिला आणायला निघाले.