न दाखवलेला मार

मी लिहिलेल्या पहिल्या सिनेमात नवरा बायकोला मारतो, असा लांब प्रसंग होता. निर्माते म्हणाले, "ताई, हे ठेवलं तर फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळेल. पोराबाळांना घेऊन कुटुंबं येणार नाहीत, धंदा बुडेल." मी चिडले, पण प्रसंग बदलला. आता मार दिसत नव्हता. भाकरी थापणारी शेजारीण आवाज ऐकते आणि जाऊन दार वाजवते.

मुकुंदवाडीची माझी मावशी तेरा वर्षांच्या नातीला घेऊन सिनेमाला आली. बाहेर पडताना नात म्हणाली, "आजी, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडं असंच होतं. आपण कधी दार वाजवलं नाय."

मावशीनं नातीचा हात धरला. मग म्हणाली, "व्हय. आता वाजवू. मी येते तुझ्यासंगं."