हाकेच्या अंतरावर

समाजकल्याण खात्यात सगळे त्याला स्वल्पविराम म्हणत, आणि तेही तोंडावर. सरकारी मसुदे लिहिणं हे त्याचं काम. एखादं चिन्ह इकडचं तिकडे झालं तर हा माणूस छपाई थांबवायचा. असली माणसं घरी नकोशी होतात आणि कचेरीत त्यांच्यावाचून पान हलत नाही. शेजारशेजारच्या पाच सरकारांनी मिळून म्हाताऱ्या माणसांसाठी एकच धोरण आखायचं ठरवलं, तेव्हा मसुद्यासाठी दुसऱ्या कुणाचं नाव पुढे आलंच नाही.

बैठक तीन दिवसांची होती आणि पहिल्याच कलमावर घोडं अडलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आठवड्यातून दोनदा भेटसेविका पाठवायची, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पण एकटं म्हणायचं कुणाला? एक सरकार म्हणालं, ज्याच्या घरात दुसरं ताट वाढलं जात नाही तो एकटा. बाकीच्यांनी अशी माणसं मोजली आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. एवढ्या सेविका आणायच्या कुठून? मग दोन दिवस नुसता शब्दांचा कीस पाडला. तिसऱ्या दुपारी लोक घड्याळाकडे बघू लागले, कारण परतीच्या गाड्या ठरलेल्या होत्या. तेव्हा स्वल्पविरामाने एका चिठ्ठीवर एक ओळ लिहून ती अध्यक्षीणबाईंकडे सरकवली: ‘ज्यांचे अपत्य हाकेच्या अंतरावर राहते, त्यांना एकटे धरू नये.’

हाकेचं अंतर म्हणजे किती, असं कुणीतरी विचारलंच. त्याने खाली टीप जोडली: मिळेल त्या वाहनाने एक तास. पाचही माना डोलल्या, टाळ्या पडल्या. आयुष्यात त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या त्या तेवढ्या एकदाच, आणि पुढे कितीतरी दिवस तो त्या मनातल्या मनात ऐकत होता.

त्याची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. बसने चाळीस मिनिटं. चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवून ती निवृत्त झाली होती आणि लाल पेन्सिल अजून तिच्या उशाशी असायची. पूर्वी तो दर रविवारी जायचा. धोरण आलं तसे अहवाल आले, तक्ते आले, आणि रविवार एकाआड एक झाले. म्हाताऱ्यांच्या कामापायी म्हातारीकडे जायला सवड नाही, असं तो विनोदाने म्हणायचा. आईसुद्धा हसायची. ती का हसते हे त्याने कधी विचारलं नाही.

एका रविवारी तिने चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला, शाळेत तपासलेला पेपर ठेवावा तसा. तिने त्याला न सांगता भेटसेविकेसाठी अर्ज केला होता. गुडघे जिना चढू देत नव्हते हे खरं, पण कुणीतरी यावं, घटकाभर बसावं, एवढंच तिला हवं होतं. अर्ज नाकारला गेला होता. कारण म्हणून त्याचीच ओळ, खालच्या एक तासाच्या टीपेसकट, छापलेली होती. ‘हाकेच्या’खाली लाल रेघ होती आणि समासात तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: शब्दाचा अर्थ समजलेला नाही. दहापैकी चार.

“हे वाक्य तुझं आहे ना?” ती म्हणाली. “एवढे नेमके स्वल्पविराम सरकारात दुसरं कोण देतं?”

तो ओशाळून हसला. कलम बदलायचं तर पाचही सरकारांची संमती लागते, पुढची बैठक दीड वर्षाने आहे, असं सगळं त्याने तिला समजावून सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं. तोवर तूच येत जाशील का, बुधवारचा?”

“बघतो,” तो म्हणाला.

हा शब्द त्याने कुठल्याच मसुद्यात कधी येऊ दिला नव्हता. त्यावर कुणालाच बांधून धरता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दोन बुधवार तो गेला. पहिल्या बुधवारी ती दार उघडंच ठेवून बसली होती. तिसऱ्या बुधवारी धोरणाचा वार्षिक अहवाल छापायला जायचा होता. त्याच सकाळी स्वयंपाकघरात आईचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दुपारी खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई शिवलेलं पोलकं द्यायला वर आली, तोवर ती फरशीवर पडून होती. चार तास. तो त्या वेळी ‘आधार असलेले ज्येष्ठ’ या तक्त्यातली बेरीज तपासत होता, आणि त्या बेरजेत तीही होती.

इस्पितळात त्याला बघून तिने हात पुढे केला.

“मी तुला हाक मारली होती रे,” ती म्हणाली. “मग म्हटलं, बसने यायचंय, तासभर तरी लागणारच. म्हणून वाट बघत पडले.”

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. आईचाही चेहरा थट्टेचाच होता. त्याला मात्र कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. तिने खरोखरच घड्याळ बघितलं असेल का, हे तो आजही ठरवू शकलेला नाही.

पुढच्या बैठकीत तो दुरुस्तीचा मसुदा घेऊन गेला. पाचही सरकारांनी उलट त्या कलमाचंच कौतुक केलं. त्यावर एकही तक्रार आलेली नाही, असं अध्यक्षीणबाई म्हणाल्या. तेही खरंच होतं, कारण त्याच्या आईने तक्रार केली नव्हती, नुसते गुण दिले होते. दुरुस्तीचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

आईला त्याने इस्पितळातूनच आपल्या घरी आणलं होतं. ती त्यानंतर अकरा महिने जगली. तिची खाट आणि त्याचं टेबल यांत मोजून दहा पावलं होती. तो कान देऊन बसायचा, लिहिताना पेन मध्येच थांबवायचा. पाणी हवं असो, कूस बदलायची असो, ती त्याच्या येण्याची वाट बघत पडून राहायची.

“हाक मारायची ना, आई,” तो दर वेळी म्हणायचा.

“बघते,” ती म्हणायची. अकरा महिन्यांत तिने त्याला एकदाही हाक मारली नाही.