शहाद्याच्या पाटीचे आप्पा

आमच्या आप्पांची संध्याकाळ कधी त्यांच्या घरच्यांच्या वाट्याला आली नाही. सख्ख्या मुलीचं लग्न लागलं, पंगत बसली, व्याही खोळंबले, आणि मुलीचे वडील कुठे? तर चौकात, कापडवाल्या शेठच्या गच्चीवर, शिडीला चिकटलेले. ‘शहादा’ या दिव्यांच्या पाटीतला कुठलातरी बल्ब गेला होता. माई, म्हणजे आप्पांच्या सौभाग्यवती, व्याह्यांना म्हणाल्या, “माले ताप उना ते ह्यासले टाईम नही. बल्बले ताप उना का पळतस.”

आप्पांचा धंदा लग्नाच्या मांडवांना रोषणाई करण्याचा. गावाचं नाव उंचावर झळकावं ही हौस शेठची. पत्र्याची अक्षरं लोणखेड्याच्या एका कारागिराने कापली आणि दिवे लावले आप्पांनी. हाताला मांडवाची सवय, म्हणून त्यांनी अख्खी पाटी एकाच माळेत ओवली. त्यामुळे एक बल्ब गेला की सगळं शहादं गुडुप. मग आप्पा वर चढून एकेका बल्बला नखाने टिचकी मारत बसत आणि खाली चहाच्या टपरीवरून आम्ही सल्ले देत असू. मी त्यांचा शेजारी, त्यात कॉलेजातला विज्ञानाचा मास्तर. वायरी वेगवेगळ्या टाका, असं मी एकदा सुचवून पाहिलं.

“सर, तुमी पोरेसले शिकाडा,” ते म्हणाले. “एक गया ते बठासले कळाले जोयजे.”

एक गेला तर सगळ्यांना कळलं पाहिजे, हे तत्त्वज्ञान होतं की चुकीवर पांघरूण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाहेरगावाहून आलेल्या माणसाला ते प्रवासाचं विचारत नसत. पहिला प्रश्न, “पाटी कोठून दखायनी?” चहाची तलफ आलेले लोक बिनदिक्कत “तोरणमाळच्या घाटातून दिसली” म्हणून सांगत. हे खोटं आहे हे आप्पांना पक्कं ठाऊक असे. तरी चहा मिळे, वर भजीही.

पुढे शेठच्या नातवाने सुरतेहून नवी एलईडी पाटी आणली. शिडी नको, माळ नको, रोज संध्याकाळी आपोआप लागणारी. आप्पांना कुणी विचारलं नाही. जुनी अक्षरं उतरवली त्या दिवसापासून ते चौकात यायचे बंद झाले. संध्याकाळी ओट्यावर पाठमोरे बसत. मला त्यांची गंमत करायची सवय होती, पण त्या दिवसांत जीभ रेटली नाही.

उद्घाटनाला पाहुणे आले, हारतुरे झाले, भाषण झालं, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. सुरतेचा कारागीर दुपारीच निघून गेला होता. शेवटी म्हातारे शेठ स्वतः काठी टेकत आप्पांच्या ओट्याशी आले. “आप्पा, मेरी गलती हो गई. चलो.”

माझी खात्री होती की आप्पा हलणार नाहीत. त्यांच्या जागी मी असतो, तर खुर्ची चौकात नेऊन बसलो असतो आणि मजा पाहिली असती. आप्पा उठले, टेस्टर खिशात घातला आणि चालू लागले. दहा मिनिटांत त्यांनी सैल राहिलेली वायर शोधली. पाटी लखलखली, टाळ्या पडल्या. घरी येताना मी त्यांना विचारलं, “कशाला गेलात हो?”

“मन्हा राग मन्हापाशी,” आप्पा म्हणाले. “गावनं नाव काय अंधारामा ठेवानं?”

यंदाच्या थंडीत आप्पा गेले. आमच्या बाजारपेठेत माणूस गेलं की दुकानं बंद होतात. शेठचा नातू अंगणात आला आणि खालमानेने माईंना म्हणाला, आज पाटीही बंद ठेवतो, आप्पांच्या मानासाठी.

माईंनी पदराने डोळे पुसले.

“चालू ऱ्हाऊ दे भाऊ,” त्या म्हणाल्या. “बंद करशात ते ह्या उठी बसतीन अन् शिडी मांगतीन.”