तीस टक्के पाऊस आणि विमलच्या कुरडया

आज गुरुवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. शेजारच्या विमलच्या गच्चीवर, लेकीच्या रुखवतासाठी घातलेल्या ओल्या कुरडयांचा पावसात पुन्हा चीक झाला.

दर रविवारी ह्या ग्रुपवर आठवड्याचं हवामान मी टाकते. गुरुवारी पावसाची शक्यता तीस टक्के होती. अशा दहा दिवसांत तीनदा पाऊस येतोच, हे माहीत असून मी ऐटीत लिहिलं, "पाऊस नाही."

विमल म्हणाली, "बाई, हे पाणी तुमच्या फोनाले काऊन नाही दिसलं?"

फोनला दिसलं होतं. मीच खोडलं. 

विमलच्या कुरडया मी नव्यानं घालून देणार आहे. आणखी कुणाच्या भिजल्या? अंगठे नकोत. उद्या सकाळी दहापर्यंत इथं लिहून कळवा. गहू किती भिजवायचे, मला कळायला हवं.