मातीच्या रंगाचं सिमेंट

काकांच्या शोकसभेत मी माइकवरून घोटाळा केला. माइक हाती आला की मला थांबता येत नाही, हे घरच्यांना ठाऊक होतं; त्या दिवशी सगळ्या आर्वीला कळलं. “काका गेले, पण त्यांनी जपलेली वाचनालयाची ही मातीची भिंत उभी आहे,” म्हणत मी मागच्या भिंतीवर प्रेमानं थाप मारली. हात झिणझिणला. पहिली रांग खाली बघू लागली. भिंत सिमेंटची होती, मातीचा नुसता रंग दिलेला... मी राहतो नागपूरला. जुनी इमारत जतन होणार, एवढंच पेपरात वाचलेलं, आणि काका फोनवर तो विषयच काढत नसत. खरं काय ते सभेनंतर काकूंनी सांगितलं.

काका निवृत्त मास्तर. वाचनालयावर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर होतं, आणि पावसाळ्याआधी ते फेरायचं, फुटकी काढून कौलं नीट लावायचं काम वाचकांचं, हा काकांचा कायदा. “फुकट पेपर वाचता ना? चाल, चढ वर!” वकील असो की पानवाला, शिडी चुकली नाही. सुट्टीत मीही चढायचो. फेरण्यापेक्षा फोडलीच जास्त. “तू खालीच राह्यजो बाप्पा, पुस्तकं पूस,” असं म्हणून त्यांनी मला कायमचं खाली उतरवलं.

म्हणजे काका नव्याच्या विरोधात होते असं कोणी म्हणू नये. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका हवी, हा अर्ज त्यांचाच. वाचनालय समितीनं मात्र जुनं पाडूनच बांधायचं काढलं. “मागं अख्खी जागा पडली हाय, बांधा ना! हे काऊन पाडता?” समितीच्या बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. जुनं राहील, नवं मागे होईल, असं ठरलं. मग काका डोळ्याच्या ऑपरेशनला सेवाग्रामला गेले आणि इकडे जेसीबी आला. माणूस दवाखान्यात गेल्याचा मुहूर्त साधला त्यांनी! डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन काका त्या ढिगाऱ्यापुढे उभे राहिले. “एकाच डोळ्यानं दिसलं, तेवढं बरं झालं,” एवढंच म्हणाले. त्याच जागी सभागृह बांधलं, त्याची सिमेंटची भिंत उठली. सारवल्यासारखी दिसावी म्हणून तिच्यावर बोटं ओढली, वर प्लास्टिकची कवेलू चिकटवली आणि फलक लावला: वारसा जतन. अभ्यासिकेची जागा? तिथं पार्किंग. काका पुन्हा त्या रस्त्यानं गेले नाहीत. पेपर घरी मागवू लागले... एकटेच वाचायचे.

काकू हे सांगत असतानाच समितीचे एक सदस्य आले. “भाऊ, सभागृहाले मास्तरांचंच नाव देऊन राह्यलो. एक चांगला फोटो द्या.” काकू माझ्याकडे बघत राहिल्या, घरात आता हो-नाही म्हणणारा मीच. आणि मी शहाणा विचारतोय, “केवढा हवा?”

परतताना गाडीत मला उशिरानं राग आला. समितीला असं खरमरीत पत्र लिहितो की बघतच राहा, म्हणालो. बायको खिडकीबाहेर बघत होती.

“पत्र कायले लिहिता? फोन लावा. ज्यानं पाडलं त्याचंच नाव लावा म्हणा... मोठ्या अक्षरात.”