व्हिडिओतला डावा हात

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. रक्त कसं काढायचं याचा एक व्हिडिओ मी स्वतःच मोबाईलवर बनवलाय. वॉर्डात जाण्याआधी सगळ्याजणी तो बघतात, आणि त्यानं हात लवकर बसतो हेही खरं.

आज सकाळी होटगीच्या एका काकांचं रक्त घ्यायचं होतं. काकांनी आपणहून उजवा हात पुढं केला. आमच्या एका विद्यार्थिनीनं तो हळूच बाजूला ठेवला, डावा हात घेतला आणि दंडाला पट्टा बांधायला लागली.

शेजारी बसलेल्या काकू ताडकन उठल्या. "अगं बाई, त्यो हात नको की! डायलिसिसचा हाय त्यो!"

मी पट्टा ओढून काढला. डायलिसिसच्या हाताला पट्टा आवळायचा नसतो, सुई टोचायची नसते. तिथली शीर बंद पडली तर डायलिसिसच अडतं. हे त्या मुलीला पाठ होतं. विचारल्यावर तिनं घडाघडा सांगितलंसुद्धा.

"मग डावा का घेतलास?"

"मॅडम, व्हिडिओत डावाच आहे ना."

काका म्हणाले, "म्या उजवा दिला व्हता की."

व्हिडिओत डावा हात आहे, कारण शूटिंगच्या वेळी खिडकी त्या बाजूला होती. उजेड बरा पडत होता, बाकी काही नाही.

तुम्हीही कुणाचं तरी बघूनच काम शिकला असाल. त्यातलं खरं काम किती आणि नुसतं खिडकीमुळं आलेलं किती, कधी तपासलंय?